वाचक विचारतात: जुनी गाडी, लांबचा रस्ता

गेल्या अंकात जावा-येझदी या जुन्या मोटरसायकलींवर चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीगच आला. सगळ्यांना उत्तर देणं एका अंकात बसत नाही, म्हणून ज्यांना लवकरच निघायचंय त्यांचे प्रश्न आधी घेतलेत, बाकीच्यांनी थोडी कळ काढा.

प्रश्न: वडिलांची १९७६ ची येझदी २५० आहे, अठरा वर्षं गोठ्यात उभी होती. मागच्या वर्षी पूर्ण बांधून घेतली, क्रँक, बोअर, पिस्टन, रंग, क्रोम सगळं. आता कराडहून म्हैसूरला न्यायचीय, जिथे तयार झाली तिथे. निघायच्या आधी काय काय करू? सोबत कुठले पार्ट घेऊ? (कराड)

उत्तर: तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. म्हैसूरच्या यादवगिरीत जावा आणि येझदी बनवणाऱ्या आयडियल जावाचा कारखाना होता, १९६१ ला सुरू झाला आणि १९९६ ला बंद पडला. तिथे जाऊन बघायला कारखाना राहिलेला नाहीये, पण तरी गाडी घेऊन जायची इच्छा होते हे मला पुरेपूर कळतं, मी स्वतः गेलोय.

आता पहिलाच प्रश्न मी तुम्हाला विचारतो. गाडी बांधून घेतली म्हणता, बांधल्यापासून किती किलोमीटर चालवली? पत्रात तो आकडा नाहीये आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. नवीन बोअर, नवीन पिस्टन म्हणजे इंजिन नवंच, त्याचं रनिंग-इन व्हायला पाहिजे, निदान हजार-दीड हजार किलोमीटर, पन्नासच्या आत, एकाच वेगात तासन् तास न चालवता, ॲक्सिलेटर पूर्ण न पिळता. शिवाय बांधलेल्या गाडीतले दोष घरापासून पाच किलोमीटरवर कळत नाहीत, ते कळतात साठ-सत्तर किलोमीटरला, इंजिन पूर्ण तापल्यावर आणि सगळे नट-बोल्ट थरथरून ढिले झाल्यावर. म्हणून आधी कराड-सातारा-कराड करा, मग कराड-कोल्हापूर, मग एकदा चिपळूणला कुंभार्ली घाटाने उतरून परत चढून या. हे तिन्ही विनातक्रार झाले तर म्हैसूर काही लांब नाही, सातशे-साडेसातशे किलोमीटर आहे, तीन दिवस धरा, पहिला मुक्काम हुबळी, दुसरा चित्रदुर्ग, तिसऱ्या दिवशी हिरियूरला हायवे सोडून म्हैसूर. दोन दिवसांत करायचा हट्ट धरू नका, साठ किलोमीटरला एकदा थांबायचं, चहा घ्यायचा आणि चहा येईपर्यंत गाडीभोवती एक चक्कर मारून हाताने चाचपायचं, काय गरम आहे, काय ढिलं आहे, कुठे तेल दिसतंय.

दुसरं म्हणजे, आणि हे मी कळकळीने सांगतोय, गाडी मिस्त्रीने बांधली असली तरी निघायच्या आधी तीन रविवार स्वतः खाली बसा. एका रविवारी प्लग, पॉइंट, कंडेन्सर, म्हणजे ठिणगीचं सगळं. दुसऱ्या रविवारी कार्बोरेटर पूर्ण उघडून परत बसवणं. तिसऱ्या रविवारी दोन्ही चाकं काढून टायर-ट्यूब उतरवून परत चढवणं. मिस्त्रीला शेजारी बसवा हवं तर, पण पाना तुमच्या हातात पाहिजे. कारण रस्त्यावर गाडी बंद पडते तेव्हा काय झालंय हे शोधण्यात वेळ जात नाही, वेळ जातो तो कुठला स्क्रू कुठून आला हे न कळण्यात, अंधारात, घामाघूम होऊन, आणि एखादी बारीक स्प्रिंग गवतात उडाली की सगळंच संपलं. जे घरी एकदा हाताखालून गेलंय ते रस्त्यावर वीस मिनिटांत होतं.

सामान विचारलंत. दोन नवे प्लग, पॉइंटचा सेट, कंडेन्सर, क्लच आणि ॲक्सिलेटरची केबल, तुटलेल्या केबलच्या टोकाला लावायचे दोन-चार स्क्रू निपल, चेन जोडायचं चेनलॉक, दोन ट्यूब, पंप, पॅच, सोल्युशन, टायर काढायचे लिव्हर, कार्बोरेटरची वॉशर आणि फ्लोटची सुई, फ्यूज, हातभर वायर, इन्सुलेशन टेप, बाइंडिंगची तार, एम-सील, पॉलिश पेपरचा तुकडा, पाने आणि पक्कड. एवढं एका कॅनव्हासच्या पिशवीत बसतं. आणि अंगाच्या साबणाची एक वडी ठेवा. टाकीला किंवा पाइपच्या जॉइंटला बारीक गळती लागली तर कोरडा साबण त्यावर घासून दाबून भरायचा, साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही त्यामुळे गळती धरून ठेवतो, मुक्कामाला पोचेपर्यंत तरी नक्की. नवी क्लच केबल पिशवीत ठेवण्यापेक्षा जुन्या केबलच्या शेजारूनच ओवून, टेपने बांधून ठेवा, तुटली की फक्त दोन टोकं जोडायची, टाकी उचलायला नको.

आणि हॅक्सॉ ब्लेडचा एक तुकडा. त्याची जाडी प्लगच्या गॅपला चालण्याइतकी असते, गॅप मोजायचं गेज हरवलं तर तोच गेज. पॉइंटला मात्र तो जाड पडतो, पॉइंटचा गॅप ०.४ मिमीच्या आसपास लागतो, त्यासाठी खरं गेज घ्या.

प्रश्न: मी नाशिकची, नोकरी करते, आजोबांची जावा मीच दोन वर्षं खपून उभी केली. मागच्या महिन्यात मुंबईला एकटी निघाले, इगतपुरी सोडून कसारा घाट उतरले, पूर्ण उतार गियरमध्ये, ॲक्सिलेटर बंद ठेवून उतरले कारण ब्रेकवर फार भरवसा नव्हता. खाली सपाटीला ॲक्सिलेटर दिला आणि शंभर-दोनशे मीटरवर मागचं चाक एकदम लॉक झालं. क्लच दाबल्याने पडले नाही. अर्ध्या तासाने किक बसली आणि हळूहळू घरी परत आले. ऑइल मी लिटरला ४० मिली बरोबर घातलं होतं. मग सीज का झाली, म्हणजे पिस्टन जाम का झाला? माझं काय चुकलं? (नाशिक)

उत्तर: ताई, सगळ्यात आधी, क्लच वेळेवर दाबलात म्हणून आज हे पत्र लिहिताय. बरेच अनुभवी लोक त्या क्षणी ब्रेक दाबतात. टू-स्ट्रोक गाडी, म्हणजे जावा-येझदीसारखी, चालवताना डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर पाहिजेत, ते तुम्हाला कुणी शिकवलं असेल त्याला माझा नमस्कार सांगा.

ऑइलचं माप तुमचं बरोबरच होतं. पण आपल्या गाडीत ऑइल वेगळं कुठे साठलेलं नाहीये, ते पेट्रोलमध्ये मिसळलंय, म्हणजे पेट्रोल जाईल तेवढंच ऑइल जाणार. ॲक्सिलेटर पूर्ण बंद करून गियरमध्ये घाट उतरलं की काय होतं, चाक इंजिनला फिरवत राहतं, इंजिन मिनिटाला तीन-चार हजार फेऱ्यांनी फिरतंय आणि कार्बोरेटरमधून मात्र फक्त आयडलपुरतं, म्हणजे जागेवर चालू राहण्यापुरतं, पेट्रोल येतंय, म्हणजे ऑइलही तेवढंच थेंबभर. कसाऱ्याचा अख्खा उतार तुमचा पिस्टन जवळजवळ कोरडा घासत होता. खाली आल्यावर ॲक्सिलेटर दिलात, एकदम आग पेटली, पिस्टन फुगला, सिलिंडरवर तेलाचा थर नव्हताच, धरला. फोर-स्ट्रोक गाडीत तेल खाली सम्पमध्ये असतं आणि पंप ते फिरवत राहतो, त्यामुळे बुलेटवाले इंजिन ब्रेकिंगवर घाट उतरतात ते बरोबरच करतात, आणि तीच सवय जावावर नेली की असं होतं. तुमचं चुकलं म्हणण्यापेक्षा तुम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

उतरायचं कसं, तर गियर लावूनच ठेवा, न्यूट्रल नको, पण दर थोड्या वेळाने क्लच दाबून ॲक्सिलेटर एकदा चांगला पिळा, पिस्टनला ऑइल मिळतं, मग क्लच सोडा. प्रत्येक वळणाच्या आधी एकदा, असा नियमच करून टाका. ब्रेकवर भरवसा नाही असं लिहिलंत ते मात्र मला चिंतेचं वाटतं, ड्रम ब्रेक आहेत, लायनर नवे घाला, ड्रमला गोलाई नसेल तर लेथवर हलका कट मारून घ्या आणि अर्ध्या घाटात पाच मिनिटं थांबून ब्रेक थंड होऊ द्या. ब्रेक चांगले असते तर तुम्ही इंजिनवर एवढा भार टाकलाच नसता.

आता गाडी तशीच चालवू नका. दोन्ही सायलेन्सरचे बेंड काढा, एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्च मारा आणि हळूहळू किक फिरवत पिस्टनची बाजू बघा. उभे ओरखडे आणि चकाकणारा ॲल्युमिनियमचा लेप दिसला तर हेड-सिलिंडर उतरवावंच लागेल. तुम्ही ती गाडी स्वतः उभी केलीत, हे काम तुम्हाला अवघड नाही. रिंगा खाचेत मोकळ्या हलतात का ते बघायचं, हलत असतील आणि ओरखडे वरवरचे असतील तर बारीक पॉलिश पेपर तेलात बुडवून हलक्या हाताने घासून परत बसवता येतं. रिंग अडकली असेल तर नवा पिस्टन आणि पुढच्या साइझचा बोअर. बोअर करणाऱ्याला पिस्टन हातात द्या आणि त्या पिस्टनच्या मापाने बोअर करायला सांगा, उलटं नाही. माझ्या गाडीला एका वर्कशॉपमध्ये बोअर इतका घट्ट दिला होता की पहिल्या तीस किलोमीटरात दोनदा धरली, आणि मी महिनाभर कार्बोरेटरला दोष देत बसलो होतो.

एक गोष्ट अजून तपासा. आजोबांची गाडी म्हणजे बरीच वर्षं उभी असणार, क्रँकचे ऑइल सील बदललेत का? टू-स्ट्रोकचं क्रँककेस हवाबंद लागतं. डायनॅमोच्या बाजूचा सील कडक होऊन गेला की तिथून हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं, आयडलला गाडी उगाच वर-खाली व्हायला लागते हे त्याचं लक्षण. क्लचच्या बाजूचा गेला की गियरचं तेल ओढतं, मग पांढरा धूर काढत जाते आणि गियरबॉक्सचं तेल कमी होत राहतं. दोन सीलची किंमत काहीच नाही, पण बदलायला बरंच काही उघडावं लागतं म्हणून बरेच मिस्त्री टाळतात.

आणि घाबरून ऑइल वाढवू नका. लिटरला ६०-७० मिली घातलं की सीज होत नाही असं लोक सांगतात, पण ऑइल वाढलं म्हणजे कार्बोरेटरच्या त्याच जेटमधून (पेट्रोलच्या बारीक भोकातून) पेट्रोल कमी जातं, प्लग काळा होतो, सायलेन्सर कार्बनने भरतो. रनिंग-इनला ५०, नंतर ४०, पुरे.

प्रश्न: गाडी सकाळी एका किकमध्ये सुरू होते. रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालो की पालीच्या पुढे हमखास बंद पडते. दहा-पंधरा मिनिटं थांबलो की परत सुरू, परत वीस किलोमीटर, परत बंद. कार्बोरेटर तीनदा साफ केला. (रत्नागिरी)

उत्तर: कार्बोरेटरला आता हात लावू नका. बंद पडल्या पडल्या, थंड व्हायच्या आत, हे करा. आधी टाकीचं झाकण उघडा. श्श करून हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, रंग करताना बुजतं बऱ्याचदा, टाकीत पोकळी होऊन पेट्रोल खाली उतरत नाही. सुईने मोकळं करा, काम संपलं.

तसं नसेल तर प्लग काढा, कॅपमध्ये परत घालून हेडला टेकवा, भोकापासून लांब धरा कारण आतून पेट्रोलची वाफ येते, आणि किक मारा. निळी ठसठशीत ठिणगी असेल तर इग्निशन ठीक आहे. पिवळी, मरतुकडी किंवा गायब असेल तर माझा पहिला संशय कंडेन्सरवर, दुसरा कॉइलवर. कंडेन्सर थंड असताना बरोबर चालतो आणि तापला की आत शॉर्ट होतो किंवा लीक होतो. पॉइंटकडे बघत किक मारा, तिथेच मोठी ठिणगी उडत असेल आणि पॉइंट काळे पडले असतील तर कंडेन्सरच. जुना स्टॉक म्हणून मिळणारे कंडेन्सर डब्यातच म्हातारे झालेले असतात, त्यामुळे नवा घातलाय म्हणजे चांगला आहे असं धरू नका.

मला हेच हिरियूरच्या अलीकडे झालं होतं. उन्हाची वेळ, माझा जादाचा कंडेन्सरही तसलाच निघाला. एका जुन्या रिक्षांच्या गॅरेजपर्यंत गाडी ढकलत नेली, मला कन्नड येत नाही, त्या मिस्त्रीला मराठी येत नव्हतं, मी पॉइंटकडे बोट दाखवलं तेवढ्यात त्याला कळलं. त्याने रिक्षाचा एक कंडेन्सर काढला, आत बसत नव्हता म्हणून बाहेर फ्रेमला क्लॅम्प केला, बॉडीला अर्थिंग आणि एक वायर आत पॉइंटला. वीस मिनिटं. तो कंडेन्सर पुढे दोन वर्षं तसाच बाहेर होता आणि मी तो मुद्दाम आत घेतला नाही, कारण बाहेर वाऱ्यावर राहिला की तापतच नाही. तुम्हीही तसंच करा, कव्हरच्या आतल्या उष्णतेतून तो बाहेर काढा.

प्रश्न: आंबोली घाटात क्लच केबल तुटली, टेम्पोत घालून सावंतवाडीला आणली, दोन हजार गेले. असं परत झालं तर? (सावंतवाडी)

उत्तर: टेम्पोची गरजच नव्हती हो! येझदीला क्लचची केबल नसली तरी चालते. गियरचा पेडल दाबला की आतून क्लच आपोआप सुटतो, ती सोय जावाच्या मूळ चेकोस्लोव्हाकियातल्या डिझाइनमधूनच आलीये. गाडी न्यूट्रलला सुरू करा, पायाने पहिला गियर टाका पण पेडल सोडू नका, दाबलेलाच ठेवा, तोपर्यंत क्लच सुटलेला आहे. मग ॲक्सिलेटर देत देत पाय हळूहळू सोडा, हाताने क्लच सोडतो तसाच. पुढचे गियर तर असेच पडतात. थांबायच्या आधी न्यूट्रलला या. रिकाम्या मैदानात अर्धा तास सराव केलात की केबल तुटली तरी बेळगावपर्यंत आरामात जाल. होत नसेल तर डाव्या कव्हरमधला क्लचचा ॲडजस्टिंग स्क्रू बिघडलाय, तो नीट लावून घ्या.

प्रश्न: माझी १९६८ ची जावा आहे, कागद चालू आहेत. व्हिंटेज म्हणून नवीन नोंदणी करून व्हीए (व्हिंटेज गाड्यांचा) नंबर घ्यावा असं मित्र म्हणतो. घेऊ का? (नागपूर)

उत्तर: तुम्हाला गाडी फिरवायची आहे ना? मग नको. केंद्राचे व्हिंटेज नोंदणीचे नियम जुलै २०२१ मध्ये आले, पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपातली, चासी-बॉडी-इंजिनात मोठा बदल नसलेली गाडी त्यात बसते, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, फक्त प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक अभ्यास आणि पेट्रोल-दुरुस्तीपुरती. नागपूरहून पचमढीला सहज म्हणून जाता येणार नाही. तुमची साधी नोंदणी चालू आहे ती दर पाच वर्षांनी आरटीओत रिन्यू करत राहा, विमा आणि पीयूसी ठेवा, एचएसआरपी (सुरक्षा नंबरप्लेट) बसवून घ्या. जुनी तीन अक्षरांची नंबराची ओळख तशीच राहते आणि देशभर कुठेही जाता येतं. आणि ही नोंदणी एकदा हातची जाऊ दिली की परत मिळवणं फार त्रासाचं आहे, तारीख चुकवू नका.

प्रश्न: आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. जुन्या गाडीला चालेल का? (बारामती)

उत्तर: चालवावं लागतंय. इथेनॉल जुनं रबर आणि टाकीच्या कॉकमधलं बूच खराब करतं, म्हणून पेट्रोलचा पाइप इथेनॉलला टिकणारा घ्या, कॉकचं बूच, कार्बोरेटरची वॉशर बदलून टाका. टाकीला आतून कोटिंग केलं असेल तर ते कुठलं आहे विचारा, काही जुनी कोटिंग इथेनॉलने सुटतात आणि त्याचे पापुद्रे जेटमध्ये अडकतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, तेव्हा पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवा. मिश्रणही जरा पातळ होतं, म्हणून प्लग बघत राहा, बिस्किटाच्या रंगाचा पाहिजे, पांढरट दिसला तर मेन जेट एक नंबर वरचा.

प्रश्न: ६ व्होल्टचं १२ व्होल्ट करू का? माझे मित्र म्हणतात ओरिजिनल ठेव. (पुणे)

उत्तर: रात्री चालवणार असाल तर करा. सहा व्होल्टच्या दिव्यात हायवेवर तुम्हाला रस्ता दिसत नाही आणि मागच्या ट्रकवाल्याला तुम्ही दिसत नाही. जुना डायनॅमो, कॉइल, रेग्युलेटर फेकू मात्र नका, कापडात गुंडाळून, तेल लावून ठेवा. आणि ओरिजिनलच ठेवायचं असेल तर डायनॅमोचे कार्बन ब्रश तपासा, कम्युटेटर पेट्रोलच्या फडक्याने पुसा आणि दिवस मावळायच्या आत मुक्कामाला पोचा. नाना पेठेत सहा व्होल्टचे बल्ब अजून मिळतात, चार घेऊन ठेवा, आणि दुकानातच बॅटरीला लावून पेटतात का ते बघून घ्या.